टेलिंग डॅमवरची धूळ दर उन्हाळ्यात परत का उडते, आणि कुठल्या पट्ट्यावर कोणता उपाय चालतो

टेलिंग म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेला दळलेला दगडी गाळ, आणि तो साठवायचा बांध म्हणजे टेलिंग डॅम. त्याच्या धुळीची तक्रार बहुतेक खाणींवर सारखीच ऐकू येते. दिवाळीपर्यंत सगळं ठीक असतं. संक्रांतीनंतर बीच, म्हणजे बांधाच्या आतल्या बाजूचा गाळाचा उघडा पसारा, पांढरट दिसायला लागतो. होळीच्या सुमारास दुपारचा वारा सुटला की डॅमवरून राखाडी पडदा उठतो आणि खालच्या गावात वाळवणांवर, विहिरीच्या पाण्यावर, मोहफुलं वेचायला झाडून ठेवलेल्या जागेवर जाऊन बसतो. सरपंचांचा फोन येतो. टँकरच्या खेपा वाढतात, फॉग कॅनन (धुकं फवारणारी तोफ) येते, कोणी सेल्समन केमिकलचा ड्रम घेऊन हजर होतो. पाऊस पडला की विषय मिटतो आणि पुढच्या होळीला जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो.

पुढे लिहिलंय ते भंडारा-बालाघाट पट्ट्यातली हवा धरून: चार महिने मुसळधार पाऊस, आठ महिने कोरडे, एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपासची दुपार, पश्चिमेचा गरम वारा, अधूनमधून वावटळी आणि मेच्या शेवटी वळवाच्या आधीचं वादळ. कोकण-गोव्याकडच्या लोखंडाच्या टेलिंग पाँडला यातलं काही लागू होईल, काही नाही. तिकडचा गाळ चिकणमातीचा, हवा दमट, आणि तिथली बरीचशी धूळ ट्रकच्या रस्त्यावरची. औष्णिक केंद्रांच्या राखेच्या तलावांना मात्र इथलं जवळपास सगळं लागू पडतं.

माझं म्हणणं असं की ‘आमच्या डॅमसाठी कोणता उपाय चांगला’ हा प्रश्नच चुकीचा आहे. एका डॅमवर तीन-चार वेगवेगळे पृष्ठभाग असतात आणि प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. एकच उपाय सगळीकडे मारला की तो निम्म्या जागेवर वाया जातो आणि उरलेल्या जागेवर नुकसान करतो.

आधी हे बघा: उडतंय काय?

मलाजखंडसारख्या तांब्याच्या खाणीत धातुकात तांबं जेमतेम एक टक्का असतं. म्हणजे दळलेल्या शंभर टनांपैकी ९५ टनांहून जास्त माल टेलिंग होऊन डॅमवर येतो. फ्लोटेशनसाठी, म्हणजे पाण्यातल्या बुडबुड्यांवर धातूचे कण वेगळे काढण्यासाठी, धातुक साधारण ७५ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास दळतात, आणि दुर्दैवाने वाऱ्याला उचलायला सर्वांत सोपा कणही ७५ ते १०० मायक्रॉनचाच. त्याहून बारीक कण एकमेकांना धरून बसतात, त्याहून मोठे जड पडतात.

हे मधले कण वाऱ्याबरोबर थेट गावापर्यंत जात नाहीत. ते जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात, आणि प्रत्येक उडीनंतर जिथे आपटतात तिथला बारीक गाळ फोडून हवेत उडवतात. गावात पोचतो तो हा फोडलेला बारीक भाग, आणि फुप्फुसात जातो तोही हाच. दगडात क्वार्ट्झ भरपूर असेल तर त्यात सिलिकाही आलं. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड यांनी वाळवंटातल्या वाळूवर १९३० च्या दशकात जे काम केलं, त्यातून पुढे आलेलं गणित आजही वापरात आहे: सैल वाळू हलायला लागली की वाहून जाणारा माल वाऱ्याच्या वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर माल आठपट. सैल बारीक वाळू हलायला १० मीटर उंचीवर ताशी २० किमीच्या आसपासचा वारा पुरतो, आणि तेवढा वारा आपल्याकडे उन्हाळ्यात बऱ्याच दुपारी सुटतो.

म्हणून सगळी धूळ दाबायच्या मागे लागू नका. उड्या मारणारी वाळू अडवली की बारीक धूळ आपोआप कमी होते.

आता ही वाळू डॅमवर असते कुठे? स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं टेलिंग, स्पिगॉटमधून (बांधावरच्या पाइपच्या तोट्यांतून) बांधालगत पडते. जाडं बांधापाशीच बसतं आणि स्लाइम, म्हणजे बारीक चिकट गाळ, वाहत डिकँटच्या तळ्याकडे (जिथून वर आलेलं पाणी काढून घेतात) जातो. म्हणजे बांधालगतचा शंभर-दोनशे मीटरचा पट्टा वाळूचा आणि तळ्याजवळचा चिकट. चिकट भाग वाळला की भेगाळतो, त्याच्या ढपल्या होतात, आणि त्यावर कोणी पाय दिला नाही तर तो सहसा उडत नाही. उडतो तो बांधालगतचा पट्टा. टँकरचा रस्ता बांधावरून जातो आणि पाणी नेमकं याच पट्ट्यावर पडतं, त्यामुळे जागा बरोबर निवडली असं वाटतं. पाणी किती पडतं याचा हिशेब पुढे आहे.

धूळ डॅमचीच आहे ना?

हा प्रश्न विचारला की गावकरी चिडतात आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. तरी विचारावाच लागतो, कारण उत्तर चुकलं तर वर्षभराचा खर्च रस्त्याऐवजी बीचवर होतो.

सोपी खूण वेळेची. सकाळी सात-आठला, वारा पडलेला असताना, गावावर धुरकट थर तरंगत असेल तर तो बहुधा डंपरच्या रस्त्याचा किंवा क्रशरचा. थंडीत ही हवा वर चढत नाही, जागीच साचते. दुपारी बारानंतर वाऱ्याबरोबर येते आणि संध्याकाळी थांबते ती धूळ बीचची किंवा डॅमच्या उताराची.

दुसरी खूण रंगाची. गावातल्या चार घरांच्या खिडक्यांच्या चौकटी ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. तांब्याचं टेलिंग राखाडी उमटतं, मँगनीजचं काळसर तपकिरी, मुरमाचा रस्ता तांबूस.   राखाडी आणि तांबूस दोन्ही सापडले की दोन्ही स्रोत आहेत एवढं कळतं. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत एवढी माहिती काम सुरू करायला पुरते.

तिसरी गोष्ट मोजमापाची. राष्ट्रीय मानकाप्रमाणे (२००९) पीएम-१० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची) २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि वर्षात किमान १०४ मोजण्या, आठवड्यातून दोन, अशी अपेक्षा आहे. आता दुपारचे दोन तास ५०० आणि उरलेले बावीस तास ५० धरा. २४ तासांची सरासरी ८७ च्या आसपास येते, म्हणजे मर्यादेत. अहवाल खोटा नसतो आणि गावकरीही खोटं बोलत नसतात. धूळ दोन तासांत येत असेल तर तासाचे आकडे देणारं यंत्र लावा, आणि ते वारा जिथून येतो त्या बाजूला एक व गावाच्या बाजूला एक असं जोडीने लावा. दोन आकड्यांतला फरक तुमचा. बाकीचा आभाळाचा.

खर्च नको असेल तर डॅमभोवती बांबू रोवून दीड मीटर उंचीवर दुहेरी चिकट टेपच्या पट्ट्या आठ दिशांना तोंड करून लावा आणि आठवड्याने बदला. आकडा मिळणार नाही, पण दिशा मिळते.

पृष्ठभाग तपासायच्या दोन स्वस्त चाचण्या

बीचवर चालण्याआधी एक सूचना. वरून कोरडा दिसणारा स्लाइम खाली दही असू शकतो. एकट्याने जायचं नाही, तळ्याकडे फळ्या टाकल्याशिवाय पाऊल नाही, आणि तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. एन-९५ दर्जाचा मास्क लावा.

पहिली चाचणी गोळीची. वर्कशॉपमधून १६ मिमी व्यासाची पोलादी बेअरिंगची गोळी घ्या, वजन साधारण १७ ग्रॅम भरतं. ३० सेंटिमीटर उंचीवरून ती पृष्ठभागावर सोडा. खळगा पडला तरी चालेल. त्याभोवती सैल कण मोकळे झाले किंवा पापुद्रा फुटून खालचा भुगा दिसला तर ती जागा नापास. एकाच ठिकाणी, हातभर अंतरावर, तीनदा करा. अमेरिकेतल्या कोरड्या भागांत मोकळ्या जमिनींसाठी हीच चाचणी वापरतात. एका माणसाला अर्ध्या दिवसात मोठा बीच पालथा घालता येतो. नकाशावर हिरवे-लाल ठिपके मारत जा.

दुसरी चाळणीची, लाल ठिपक्यांच्या जागी. वरचा सेंटिमीटरभर थर अलगद उचला, ओला असेल तर सावलीत वाळवा, ढेकळं फोडू नका. ४, २, १, अर्धा आणि पाव मिमीच्या चाळण्या एकावर एक ठेवून हाताने गोल वीस वेळा फिरवा. सर्वांत जास्त माल कुठल्या चाळणीवर अडकला ते बघा. १ मिमीच्या किंवा त्याहून मोठ्या चाळणीवर अडकला तर ढेकळं टिकाऊ आहेत आणि जागा बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पाव मिमीच्या चाळणीवर किंवा त्याखालच्या भांड्यात उतरला तर ती जागा पहिल्या वाऱ्याला जाणार.

तिसरी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसते. वाळलेल्या स्लाइमवर पांढरी, मऊ, बोट लावलं की पिठासारखी दबणारी बुरशीवजा पूड आली असेल तर ते क्षार आहेत. टेलिंगमध्ये पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाण्याने सल्फेट तयार होतात, पाणी वर ओढलं जातं, वाळतं आणि क्षार पृष्ठभाग फुगवून भुसभुशीत करतात. अशा जागी प्लँटचं खारट फेरपाणी मारलं तर पहिल्या दिवशी छान कडक कवच येतं आणि आठवड्यात पूड वाढते. ‘पाणी मारतोय तरी वाढतेच आहे’ या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

टँकरचा हिशेब

मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला १० मिमीहून जास्त असतं. हिशेबाला १० मिमीच धरू. एका हेक्टरवर तेवढं पाणी म्हणजे १ लाख लिटर, १० हजार लिटरच्या टँकरच्या दहा खेपा. बीच ४० हेक्टरचा असेल तर दिवसाला ४०० खेपा. वाळू वरून वाळली की बाष्पीभवन मंदावतं हे खरं, पण धुळीसाठी महत्त्वाचा असतो तो वरचाच दोन-तीन मिलिमीटरचा थर, आणि तो गरम वाऱ्यात तासाभरात सुकतो. दोन टँकर दिवसभर फिरवून जे भिजतं ते बांधालगतचे पंधरा-वीस मीटर, होज पोचतो तेवढं. शिवाय चालक पुढे जायला म्हणून बीचवर उतरला तर चाकांनी पापुद्रा फुटतो आणि दोन चाकोऱ्या भर दुपारी उडायला लागतात. उतरणीवर उभं राहून बघा, धुळीची पहिली रेघ बहुतेक वेळा त्या चाकोरीतूनच उठते.

टँकर रस्त्यासाठी ठेवा. बांधावरचा रस्ता, रॅम्प, बांधाची उंची वाढवायचं काम चालू असलेली जागा, इथे त्याला पर्याय नाही.

फॉग कॅननबद्दल थोडक्यात: क्रशरच्या तोंडाशी, ट्रक ओततो तिथे, म्हणजे धूळ एका बिंदूतून उठते तिथे ती उपयोगी आहे. ४० हेक्टरच्या उघड्या जागेवर वाऱ्याच्या तोंडी धुकं सोडून फोटो चांगला येतो, आणि तपासणीच्या दिवशी त्याचीच गरज असते असंही कोणी म्हणेल.

चालू बीच: उपाय स्पिगॉटमध्येच आहे

ज्या भागात स्लरी पडते आहे तिथे ओलावा फुकट मिळतो. तिथे केमिकल मारणं म्हणजे पैसे गाडणं, दोन आठवड्यांत त्यावर नवा थर येणारच आहे. इथला उपाय फेरा बदलण्याचा. बरेच ऑपरेटर एकच स्पिगॉट समूह महिनाभर चालू ठेवतात, कारण व्हॉल्व्ह फिरवायला दोन माणसं लागतात आणि गाळ बसलेला व्हॉल्व्ह फिरत नाही. तोवर डॅमचा उरलेला तीन-चतुर्थांश घेर सुकून जातो. पातळ थर, छोटे समूह, आणि प्रत्येक समूहाची पाळी आधीचा थर पांढरा पडायच्या आत परत आली पाहिजे. जानेवारीत ही पाळी तीन आठवड्यांनी आली तरी चालेल, एप्रिलमध्ये आठवड्याच्या आत लागेल. नेमका आकडा तुमचा बीच सांगतो: थर टाकल्यावर रोज गोळी सोडत जा, ज्या दिवशी नापास होईल त्याच्या दोन दिवस आधीची पाळी धरा.

फेरा बसवूनही काही कोपरे कोरडे राहतात. तिथे पक्क्या पाइपवर रेनगन (लांब फेकीचा मोठा फवारा) लावा, आणि ती घड्याळावर चालवू नका. बांधावर वाऱ्याचं यंत्र बसवून दहा मिनिटांची सरासरी ताशी १८ किमीच्या वर गेली की पंप सुरू, अशी जोडणी करा. शिवाय दुपारचा वारा सुटायच्या आधी, अकराच्या सुमारास, एक पाळी. वारा सुटल्यावर मारलेलं निम्मं पाणी शेजारच्या शेतात जातं.

इथे एक मोह टाळायचा आहे. डिकँटची पातळी वाढवून तळंच बीचवर चढवलं तर धूळ त्याच दिवशी थांबते. ऐकायला सुरेख. पण रुंद, कोरडा बीच हाच बांधाचा रक्षक आहे. पाणी बांधाजवळ आलं की बांधाच्या पोटातली पाण्याची रेषा वर चढते आणि फ्रीबोर्ड (पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचं मोकळं अंतर) कमी होतो. बांध अपस्ट्रीम पद्धतीने, म्हणजे टेलिंगवरच वर चढवत नेलेला असेल तर यात जीव जाऊ शकतात. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योचा असाच अपस्ट्रीम डॅम २५ जानेवारी २०१९ ला काही सेकंदांत द्रवासारखा वाहिला, २७० माणसं गेली. त्यात गाळ टाकणं काही वर्षांपूर्वीच बंद झालेलं होतं, आतलं पाणी मात्र उतरलेलं नव्हतं. धुळीच्या तक्रारीवर उतारा म्हणून तळ्याची पातळी ठरवायची नाही. ती डॅमच्या डिझाइन इंजिनिअरने ठरवायची, आणि धुळीवाल्याने तिच्या आत राहून काम करायचं.

थांबलेला बीच: सहा महिने की सहा वर्षं?

खरी निवड इथे आहे, आणि ती एकाच प्रश्नावर अवलंबून आहे: या पट्ट्यावर परत गाळ कधी पडणार?

पुढच्या पावसाळ्यानंतर पडणार असेल तर तात्पुरता उपाय हवा. बाजारात दोन गट मिळतात. पहिला क्षारांचा: मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड. हे हवेतली आर्द्रता ओढून जमीन ओलसर ठेवतात. मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी हवेत किमान ३२-३३ टक्के आर्द्रता लागते, कॅल्शियमला थोडी कमी. मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्याही खाली जाते. म्हणजे रात्री ओलावा धरला तरी धूळ उडायच्या नेमक्या वेळी हा माल सुस्त होतो. पहिल्या जोरदार पावसात विरघळून डिकँटच्या पाण्यात उतरतो, तिथून प्लँटमध्ये, आणि पुढे त्या जागी गवत लावायचं ठरवलं तर त्याच्याही आड येतो. कोकणातल्या दमट हवेत रस्त्यावर वापरा, विदर्भातल्या बीचवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा गट चिकट द्रव्यांचा: ॲक्रिलिक किंवा विनाइल पॉलिमर, कागद कारखान्यातून निघणारं लिग्नोसल्फोनेट. लिग्नोसल्फोनेट स्वस्त, पण पाण्यात विरघळतं, वळवाच्या पहिल्या सरीत जातं. पॉलिमरचा पापुद्रा पाऊस सोसतो, ऊन मात्र त्याला खातं. त्याचा खरा शत्रू वेगळाच आहे. हा पापुद्रा काही मिलिमीटर जाड असतो आणि दुधावरच्या सायीसारखा खालच्या सैल मालावर नुसता पसरलेला असतो. एका जागी फाटला की वारा खाली शिरतो आणि कडेकडेने गुंडाळत नेतो. म्हणून पॉलिमर फसलं तर माल बदलायच्या आधी चार गोष्टी तपासा.

फाटलेल्या जागी खूर, पंजे किंवा टायर आहेत का? गुरांची वाट असेल तर कुंपण पॉलिमरहून स्वस्त पडेल.

वारा जिथून येतो तिकडचा पट्टा मोकळा सोडला होता का? तिथली वाळू उड्या मारत येते आणि चांगला पापुद्रा घासून टाकते. फवारणी नेहमी वाऱ्याकडच्या कडेपासून सुरू करा. बजेट निम्म्या जागेचंच असेल तर ती वाऱ्याकडची निम्मी जागा.

फवारताना पृष्ठभाग वाळलेला आणि तापलेला होता का? भर दुपारी मारलेलं द्रावण वरच्या वर सुकतं, आत मुरत नाही. पहाटे, पृष्ठभाग किंचित ओला असताना, जास्त पातळ करून दोन हात मारले तर खोल जातं. पापुद्र्याचा तुकडा काढून मोजपट्टी लावा. कागदासारखा पातळ असेल तर मुरलंच नाही.

पातळ करायला कुठलं पाणी वापरलं? फेरपाण्यातल्या चुन्याने किंवा क्षारांनी काही पॉलिमर बादलीतच फाटतात. सेल्समनला प्लँटचं पाणी देऊन त्याच्यासमोर बरणीत मिसळून बघा आणि रात्रभर ठेवा.

पॉलिमरला टक्कर देईल असा आपल्या भागातला स्वस्त उपाय म्हणजे तणस, धानाचा पेंढा. चीनमध्ये बाओटोउ-लानझोउ रेल्वेमार्ग वाळवंटाच्या कडेने जातो, तिथे १९५० च्या दशकापासून गवताच्या काड्यांची मीटरभर चौकटींची जाळी करून वाळू अडवलेली आहे. काडी फावड्याच्या पात्याने अर्धी आत दाबायची, १५-२० सेंटिमीटर वर राहू द्यायची. भंडारा-गोंदिया हा धानाचा मुलूख, दिवाळीनंतर तणस गावोगाव पडून असते आणि रोवायला मजूरही मिळतात. तक्रार करणाऱ्या गावातलेच मजूर लावले तर निम्मी तक्रार तिथेच कमी होते, हेही खरं. अडचणी आहेत: वाळवी, आगीची भीती, आणि मोकाट गुरं खायला आली की खुरांनी सगळं परत फुटणार. इथेही कुंपण आलंच. वाळूच्या पट्ट्यावर हा उपाय मी पॉलिमरच्या आधी करून बघेन. स्लाइमवर मजूर उतरवता येत नाहीत, तिथे विषय संपला.

शेडनेटची आडवी कुंपणंही कामाची. शेतीच्या दुकानात मिळणारी ५० टक्क्यांची हिरवी जाळी घ्या. निम्मा वारा जाऊ देणारी जाळी भक्कम पत्र्यापेक्षा चांगलं काम करते, पत्र्यामागे भोवरे होतात आणि तिथेच धूळ उठते. आडोसा उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत मिळतो, म्हणजे सव्वा मीटरच्या जाळीला पुढची रांग बारा मीटरवर. एकच लांबलचक रांग बांधावर लावून काही होत नाही. आणि वावटळीला दिशा नसते, तिच्यापुढे जाळी हतबल.

नांगरून सऱ्या पाडण्याचा उपाय कोणीतरी सुचवतोच. चिकट, आत ओल असलेल्या गाळावर मोठी ढेकळं निघतात आणि ती वारा अडवतात. वाळूच्या पट्ट्यावर नांगर घातला तर उरलेला पापुद्राही गेला. चाळणीची चाचणी याचं उत्तर देते: ढेकळं टिकत असतील तरच नांगर.

कायमचा बंद भाग आणि उतार

ज्यावर परत गाळ पडणार नाही तिथे दरवर्षी पॉलिमर मारणं ही उधळपट्टी आहे. खाणीतला टाकाऊ दगड १० सेंटिमीटर किंवा जास्त जाडीने पसरला तर वाऱ्याचा प्रश्न मिटतो. दगड आम्ल सोडणारा नको, हे आधी तपासा. मुरूम स्वस्त म्हणून तोच पसरायचा मोह होतो, पण बारीक माती असलेला मुरूम स्वतःच उडतो, मग राखाडीऐवजी तांबडी तक्रार येते. जाड खडी-दगड घ्या. खालचा गाळ वर शिरू नये म्हणून उतारावर जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) घाला. आणि डंपर बीचवर नेण्याआधी तो भाग वजन पेलतो का हे भू-तांत्रिक माणसाला विचारा.

उतारासाठी शेवटी गवतच. टेलिंगमध्ये सेंद्रिय काही नसतं, नत्र नसतं, पाणी धरत नाही, त्यामुळे नुसतं बी फेकून उगवत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यांचा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि मुळांना मदत करणाऱ्या बुरशी-जिवाणूंचं खत वापरून झाडं उभी केली, हे काम आपल्या दाराशी आहे आणि त्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. आधी मोठी झाडं लावायची घाई करू नका. धुळीसाठी पहिल्या दोन वर्षांत जमिनीलगतचं दाट आच्छादन हवं: स्टायलो, दीनानाथ गवत, कडांना वाळा. बी मृगाच्या पावसाबरोबर पडलं पाहिजे, म्हणजे खत, माती आणि चर मेपर्यंत तयार हवेत. मार्चमध्ये गवत वाळलं तरी त्याची उभी खुंटं वारा अडवतात, म्हणून ते कापू किंवा जाळू नका. चरायलाही देऊ नका. धातू पानात उतरतात की नाही हे तपासल्याशिवाय ते वैरण नाही.

गाळ फिल्टर करून कोरडा रचण्याची पद्धत आली की धूळ संपेल असं काही जण समजतात. पाण्याचा धोका खूप कमी होतो, पण ओला बीच नसल्यामुळे धुळीची जबाबदारी उलट वाढते. तिथे रोजच्या रोज रोलर फिरवून पृष्ठभाग दाबणं आणि काम चालू असलेली जागा लहान ठेवणं हाच मुख्य उपाय.

काम कधी करायचं, पैसे कशाचे द्यायचे

मार्चमधली धूळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थांबवावी लागते. पाऊस संपताना बीचची पाहणी करा, पुढच्या जूनपर्यंत कुठल्या पट्ट्यावर गाळ पडणार आणि कुठे नाही याचा नकाशा प्लँटकडून घ्या, थांबलेल्या पट्ट्यांचं काम डिसेंबरपर्यंत उरका. पाच बाय पाच मीटरचे नमुना तुकडे याच वेळी करा, प्रत्येक माल शेजारी शेजारी, आणि मधून मुद्दाम एकदा माणूस चालवा. फेब्रुवारीत निविदा काढली तर माल एप्रिलमध्ये येतो आणि तापलेल्या वाळूवर मारला जातो.

निविदेत बहुतेकदा लिहिलेलं असतं: इतके लिटर, इतके चौरस मीटर, वर्षातून दोनदा. कंत्राटदार तेवढं मारतो आणि बिल काढतो. त्याऐवजी पृष्ठभागाची हमी मागा. ठरवलेल्या चौकटींत दर पंधरवड्याला गोळीची चाचणी, दहापैकी नऊ जागा पास, नापास जागा आठ दिवसांत दुरुस्त, आणि बिलाचा पाचवा हिस्सा मेअखेरच्या चाचणीनंतर. गुरं शिरली किंवा खाणीचं वाहन उतरलं तर ती जागा कंत्राटदाराच्या खात्यात धरायची नाही, हेही त्यातच लिहा. नाहीतर पहिल्या वादातच करार मोडतो.

चाचणीच्या दिवशी गावातले दोघे बरोबर असू द्या, आणि गोळी त्यांच्या हातात द्या.